लूम थांबले तेव्हा

निजामपुऱ्याच्या गल्लीतलं आमचं चर्च म्हणजे पत्र्याखालचा एक हॉल. भिवंडीत लूमना सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी भिंतीपलीकडे यंत्रमागांची खटखट चालूच. पाळकसाहेब घसा फोडून उपदेश करायचे आणि आम्हाला निम्माच कळायचा. त्यावाचून माझं तरी काही अडलं नाही.

त्या खटखटीचा एक फायदा मात्र होता. प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला फिरण्याआधी, सगळे गुडघे टेकून आपापलं पाप पुटपुटत कबूल करायचे. शेजारच्याला अक्षरही ऐकू जायचं नाही, म्हणून लोक खरं बोलायचे.

माझा धाकटा भाऊ मामाच्या मोटरसायकलवर मागे बसून वडप्याहून घरी येत होता. गाडी घसरली. मामाला खरचटलं, भाऊ गेला. मूठमाती देताना मामा आईला म्हणाला, "ताई, देवाची मर्जी. त्याच्या मर्जीबिगर पानबी हालत न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. आईने तेवढं एक वाक्य घरी आणलं. चर्चला ती येत राहिली, पण प्याला आला की न पिताच माझ्या हातात द्यायची. "ज्यानं माझं पोर नेलं, त्याच्याच पंगतीला कशी बसू?" असं एकदा म्हणाली. मलाही देवाचाच राग यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी ऐन कबुलीच्या वेळी लाइट गेली. लोडशेडिंग तेव्हा नेहमीचंच, पण या वेळेला कधी नसायचं. सगळे लूम एकदम बंद पडले. आम्ही दचकून गप्प झालो. डोळे मिटलेला मामा तेवढा बोलत राहिला.

"मी पिलो होतो, देवा. पोरगा म्हनत होता, मामा, रिक्षानं जाऊ. मीच दटावून बसवला त्याला."

मग ती शांतता त्यालाही कळली. त्याने डोळे उघडले नाहीत.

प्याला फिरत आमच्यापाशी आला. आईने तो घेतला, एक घोट प्याली आणि उठून स्वतः मामाच्या हातात नेऊन दिला. तो तिच्या पायाशी ढसाढसा रडला. मलाही रडू आवरेना. वाटलं, सुटली बिचारी एकदाची.

परतताना आम्ही दोघी रिक्षात बसलो.

"भावाला माफ केलं मी," ती म्हणाली. "तो प्यालेला होता."

नाक्यावर रिक्षा ट्रकांमागे अडकली. आईने पदराने तोंड पुसलं.

"पण वरचा तर शुद्धीत होता ना गं?"