पहिला घास कुणाचा

हुबळीच्या केशवापुरातल्या एका घराच्या मागच्या अंगणात सहाजणी ज्वारीच्या भाकऱ्या थापत. त्या पातळ भाकऱ्या उन्हात कडक होऊन पाकिटांतून बेळगाव-पुण्याच्या दुकानांत जात. हा उद्योग जिचा, तिला सगळ्याजणी अक्का म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

दर पावसाळ्यात काम थांबे. ऊन नसले की भाकरीत ओल राहते आणि पाकिटात बुरशी धरते. मग बायका अळणावरकडच्या आपापल्या गावी भातलावणीला जात आणि दर वर्षी त्यांतली एखादी परत येत नसे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे; बुरशीवरचा उपाय मला स्पष्ट दिसत होता: विजेवरचा ड्रायर. अक्काची काळजी मात्र बुरशीची नव्हती. उद्योगाच्या आरंभापासून तिच्याशेजारी बसून, आपल्या स्वतःच्या लाकडी काठवटीत भाकरी थापणारी एक साथीण होती. "औंदा ती गेली, तर मी हे बंद करीन," असे अक्का मला एकदा चूल सारवताना म्हणाली होती.

लहान उद्योगांना मिळून साह्य करण्यासाठी तीन संस्था एकत्र आल्या होत्या आणि त्यांच्यात मेळ घालणे हे माझे काम होते. बेंगळुरूचा एक न्यास ड्रायरच्या किमतीतला काही भाग देणार होता, उरलेल्यासाठी एक वित्त कंपनी कर्ज देणार होती, आणि परदेशातली एक संस्था त्या कर्जाला हमी देणार होती. एवढ्या लहान वयात असे काम मिळाल्याचा मला अभिमान होता. फेब्रुवारीत तिघांनीही होकार दिला. मे उजाडला तरी ड्रायर आला नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. कंपनीला आधी हमी हवी होती. हमी देणाऱ्यांना आधी न्यासाचा वाटा जमा झालेला हवा होता. न्यासाला आधी कर्ज मंजूर झालेले हवे होते. एकेक अट वेगळी वाचली तर शहाणपणाचीच होती. मी तिन्ही एका कागदावर बाणांनी जोडल्या तेव्हा बाण फिरून पहिल्याच जागी आला. तो कागद मी तिघांनाही पाठवला. तिघांनीही आभार मानले आणि इतर दोघांच्या निर्णयाची आपण वाट पाहत असल्याचे कळवले.

म्हणून मी त्यांना अक्काच्या घरी बोलावले. न्यासाचे वयस्कर विश्वस्त, कंपनीचा हुबळीचा व्यवस्थापक आणि परदेशी संस्थेची दिल्लीहून आलेली अधिकारी, असे तिघे पंगतीला बसले. ताटांत गरम भाकरी, भरली वांगी, शेंगांची चटणी, दही. तिघेही सुसंस्कृत, एकमेकांकडे पाहून हात आखडून राहिले. विश्वस्तांनी बाईंना आग्रह केला, बाईंनी व्यवस्थापकाला, त्याने पुन्हा विश्वस्तांना. भाकरीवरची वाफ विरली.

अक्काचे सासरे, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, खांबाशी बसले होते. "ऊटा माडरी, जेवा," ते म्हणाले. "पाहुण्यांनी घास घेतल्याबिगर आमच्या घरात बायका जेवत नाहीत. तुमच्या या मानापानात आमच्या सुनेला एकादशी घडायची."

सगळे हसले. विश्वस्त हसता हसता थांबले. त्यांनी दाराआडून पाहणाऱ्या सहाजणींकडे एकवार पाहिले आणि भाकरी मोडली. जेवण झाल्यावर हात धुताना ते मला हळूच म्हणाले, "आमचा वाटा आधी सोडतो. पुढचं तुम्ही बघा."

पुढचे मी पाहिले. न्यासाच्या बैठकीचा ठराव, मग हमीपत्र, मग कर्जाची मंजुरी. यंत्र कोइमतूरहून निघाले तेव्हा धारवाडच्या वाटेवरची शेते हिरवी झाली होती. साथीण जमेल तितके थांबली. अक्काच्या स्वयंपाकघरात चटण्या कुटत तिने दिवस काढले. मग भावाचा निरोप आला, लावणीला हात कमी पडत होते, आणि ती गेली.

अक्का बसने अळणावरला जाऊन आली. साथीण आता भावाकडेच राहणार, एवढेच म्हणाली. मी तिला तिच्या जुन्या शब्दांची आठवण करून दिली नाही. तिनेच विषय काढला.

"बंद करीन म्हटलं होतं खरं," ती म्हणाली. "पण आता मशीनचा हप्ता सुरू झालाय. बंद कशी करू?"

ड्रायर उत्तम चालतो. भर पावसात सुकवलेल्या भाकरीतली ओल मी स्वतः तपासली, बुरशी नाही. अहवालात मी तसे लिहिले, आणि तिन्ही संस्थांना तो आवडला. सोबत लावायला त्यांना एक छायाचित्र हवे होते.

अक्का यंत्राशेजारी उभी राहिली. मागे भिंतीला एक काठवट टेकवून ठेवलेली होती. पिठाचा हात न लागल्याने तिचे लाकूड पांढुरके पडले होते. छायाचित्र काढणाऱ्याने ती बाजूला करायला सांगितली.

"असू दे तिथंच," अक्का म्हणाली.

मी त्याला तसेच काढायला सांगितले.