पाच लिहिलं होतं

लंडनजवळच्या पिनरमध्ये राहणाऱ्या उल्हास पोतनीसांचा कणा गेली वीस वर्षं आतल्या सुजेने हळूहळू आखडत आला होता. सकाळी उठायलाच तास जाई. मोजे बायको, सुहासिनीताई, घालून देत. मान वळत नाही म्हणून उल्हासरावांनी गाडी चालवणंही सोडलं होतं. मार्चमध्ये हॉस्पिटलने सूज दाबणारं महागडं बायोलॉजिक औषध सुरू केलं. दर दोन आठवड्यांनी फ्रिजमधलं इंजेक्शन काढायचं, अर्धा तास बाहेर ठेवायचं आणि मांडीत टोचून घ्यायचं. दुसऱ्या महिन्यात ते आपले मोजे आपण घालू लागले. त्या दिवशी त्यांनी ते उगाचच काढून पुन्हा घातले.

आज तीन महिन्यांची तपासणी होती. औषध पुढे चालू राहायचं तर दुखण्याचा दहापैकी आकडा निदान दोनने उतरायला हवा, असं पत्रात होतं. पहिल्या फॉर्मवर उल्हासरावांनी सगळ्या रकान्यांत पाच लिहिलं होतं. खरं दुखणं नऊचं होतं. आता ते चारवर आलं होतं, पण कागदावर एकानेच उतरत होतं.

"घरी माझ्यापाशी कण्हायचं आणि इथे येऊन पाच!" सुहासिनीताई वेटिंग रूममध्ये पुटपुटल्या.

"अगं, पहिल्याच भेटीत परक्या नर्सबाईपुढे काय रडगाणं गायचं?"

"मग भोगा आता. नाहीतर सांगा तिला."

दोघं आत गेल्यावर उल्हासरावांनी चाचरत विचारलं, "तेव्हा मी कमी लिहिलं होतं. तो आकडा बदलता येईल का?"

नर्स मॉरीन भली बाई. "जुनी नोंद मला नाही बदलता येत, मिस्टर पोतनीस. आज काय वाटतं तेवढंच लिहा."

उल्हासराव पेन धरून बसले. बिनतिकिटाचा एका स्टेशनाचाही प्रवास त्यांनी कधी केला नव्हता. खुर्चीत कंबर ठणकत होती. शेवटी त्यांनी सगळ्या रकान्यांत दोन लिहिलं, आणि खरं वाटावं म्हणून एका ठिकाणी तीन.

मॉरीनचा चेहरा खुलला. "वा! औषध चालू ठेवू. असंच राहिलं तर पुढच्या वर्षी दोनऐवजी तीन आठवड्यांनी घेऊन पाहू."

सुहासिनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"सकाळी पाठ धरते का अजून?" मॉरीनने विचारलं.

आज सकाळीच सुहासिनीताईंनी त्यांना हाताला धरून पलंगावरून उठवलं होतं.

"नाही," उल्हासराव म्हणाले.