साबण लागलेला सम्राट

क्षमाबाईंनी मालन परबला पहिल्यांदा नीट पाहिलं ते भांडुपला, पिठाच्या गिरणीपुढच्या रांगेत. सन चौऱ्याऐंशी. कडेवर गव्हाचा डबा, झाकणावर उघडं पुस्तक आणि ओठांत जर्मन सरदारांची नावं.

"बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवता ना? मग हे सांगा. मध्ययुगातला जर्मनीचा राजा सरदारांना आपल्या हातानं जकात देतो, किल्ले देतो, नाणी पाडायचा हक्कसुद्धा देतो. येडा होता काय तो?"

चाळिशीची मालन बाहेरून बी. ए.ला बसली होती. इतिहासात दोनदा आपटलेली. या खेपेला नापास झाले तर पुस्तकं रद्दीत, असं सासूला कबूल करून बसली होती. क्षमाबाईंनी तिला रोज संध्याकाळी घरी बोलावलं. महिना गेला, पण त्या राजाशी येऊन गाडं अडायचं ते अडायचंच.

परीक्षेच्या आदल्या रविवारी तिचा नवरा दशरथ चाळ कमिटीचा अध्यक्ष म्हणून निवडून आला. एकमतानं! सोमवारी सकाळी तो अंगभर साबण लावून बसला आणि नळ गेला.

"मालन, पाणी खंय गेला?"

"शिवदासभावजींच्या खिशात. पंपाची चावी तुम्हीच दिलीत ना त्यांना, मतासाठी?"

"मग टाकीतला आण!"

"गच्चीची चावी चंपावहिनींकडे. त्यांच्या घरची चार मतं."

"अगो, मी अध्यक्ष आसंय!"

"आसात ना. हार खुंटीला लावलाय तुमचा."

बोलता बोलता मालन थबकली. मग तिला असं हसू फुटलं की पदर सावरत ती तशीच क्षमाबाईंच्या दारात.

"बाई, येडा नव्हता तो! त्याला निवडून यायचं होतं!"

"अगं, बस तरी."

"सरदारांच्या मतांवर गादी. जो उभा राहील तो काहीतरी देऊन बसतो, आणि दिलेलं पुढच्याला परत मागता येत नाही. सरदार आपापल्या मुलखात राजे, आणि राजाकडे नुसता हार!"

क्षमाबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "आणि दशरथराव?"

"अगो बाय माझे! ते अजून साबणातच आसत!"

क्षमाबाईंच्या पिंपातून एकेक बादली भरून दोघी धावत सुटल्या.

तो प्रश्न पेपरात आला. मालननं चार पुरवण्या लावल्या.

पास झालेल्या मालनबाई पुढे कितीतरी वर्षं भांडुपच्या एका रात्रशाळेत इतिहास शिकवत होत्या.