लुप्पोचं फुकटचं कुलूप

लुप्पो हा आमच्या गावातला सगळ्यांत चिकट माणूस, आणि हे तो स्वतःच कौतुकाने सांगतो. आयुष्यभर ग्रोनिंगेन शहराची बस चालवली, पण स्वतः शहरात जायचा तो सायकलवर, वारा तोंडावर असला तरी. फुकट ते पौष्टिक, हे त्याचं जगण्याचं सूत्र. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी सकाळी तो गावच्या हॉलमध्ये म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कॉम्प्युटर तपासायला बसतो. तिथली कॉफी मी करते, त्यामुळे त्याची प्रवचनं मला तोंडपाठ आहेत.

"गेस्के, मला सांग, विकतच्या अँटिव्हायरसमध्ये जास्त काय असतं?" तो विचारायचा, आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. "काही नाही. आत इंजिन तेच, बाहेरून रंग मारलेला. मला इंजिनातलं कळतं."

"बस आणि कॉम्प्युटर एकच झाले का रे?"

"दोन्हीकडे माणसं नको ते बटण दाबतात."

अख्ख्या गावाच्या कॉम्प्युटरवर त्याने एकच फुकटचा अँटिव्हायरस टाकून दिला होता, आणि त्यासोबत एक नियम. "रोज कोपऱ्यात एक खिडकी उघडेल. घाबरायचं नाही. ते विकायला येतात. वाचत बसायचं नाही, फुलीवर क्लिक करायचं आणि घालवायचं." गावाने तो नियम पाठ केला. खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं कुणाला काहीही झालं नाही. लुप्पो गुरुवारी कॉलर ताठ करून बसायचा.

त्याची थोरली बहीण फ्राउके माझी शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात एकटीच असते. आमच्या पायाखालून कितीतरी वर्षं गॅस उपसला गेला आणि आता जमीन हादरते. हादरा छोटा असतो, कपाटात कपबश्या वाजतात एवढंच, पण भिंती विटांच्या आहेत. फ्राउकेच्या मागच्या भिंतीला बाहेरून लाकडी टेकू दिलेले आहेत. प्रत्येक हादऱ्यानंतर ती भेगेशेजारी पट्टी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरायची आणि फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवायची. कारण नुकसान बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ही भेग जुनी नाही कशावरून? जुनी ठरली तर भिंत तुमची आणि खर्चही तुमचा. फ्राउकेच्या पेन्शनमध्ये भिंत उभी राहणार नव्हती. मुलाने शहरात तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट बघूनही ठेवला होता. "मी या घरातून आडवी होऊनच निघेन," असं ती म्हणायची, पण रात्री तिचा दिवा उशिरापर्यंत जळताना मला दिसायचा.

नुकसान तपासणारी इंजिनीअर बाई मंगळवारी सकाळी येणार होती. सोमवारी दुपारी फ्राउकेने माझ्या खिडकीवर टकटक केली.  नुसतं हाताने चल म्हणाली.

स्क्रीन काळी झाली होती. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा म्हणजे किल्ली मिळेल, असं लिहिलेलं. आदल्या दिवशी तिला एक ईमेल आला होता, तपासणीची वेळ बदलली आहे, सोबतचं पत्र पाहा. तिने ते पत्र उघडलं. तपासणी दोन दिवसांवर आली म्हटल्यावर कुणीही उघडलं असतं. आत काहीच नव्हतं, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. चोर त्यातूनच आत शिरला होता.

लुप्पो आला तो जाकीट न काढताच खुर्चीत बसला. एकेक फोटो उघडायचा प्रयत्न केला. एकही उघडला नाही.

"दुसरी प्रत त्या छोट्या डिस्कवर आहे ना?" मी विचारलं.

ती डिस्क कॉम्प्युटरलाच जोडलेली होती. त्यामुळे चोराने तीही बंद केली होती.

"ही काढून ठेवायची असते, फ्राउके."

"तूच म्हणालास, हात लावू नकोस म्हणून."

तो तसंच म्हणाला होता. मी तिथेच होते.

मग त्याने कोपऱ्यातलं अँटिव्हायरसचं चिन्ह बघितलं. एरवी हिरवं असतं, ते राखाडी पडलं होतं. त्याने त्यावर क्लिक केलं आणि उघडलेली खिडकी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. वर मोठं हिरवं बटण, विकत घ्या. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, फुकट वापरायचं असेल तर यंदापासून वर्षातून एकदा नोंदणी करा. जुनी नोंदणी वसंतातच संपली होती. तेव्हापासून पहारा झोपलेला होता, आणि ते सांगायला खिडकी रोज येत होती.

"मी रोज फुलीवर क्लिक केलं," फ्राउके म्हणाली. "तू सांगितलंस तसं. एकही दिवस चुकवला नाही."

लुप्पोची मान लाल झाली.  मग त्याने पाकीट काढलं आणि बँकेचं कार्ड टेबलावर ठेवलं. "काय मागतायत ते भरतो."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. या माणसाने पंक्चरचे पैसेसुद्धा कधी कुणाला दिलेले नाहीत.

"ठेव ते खिशात," फ्राउके म्हणाली. "चोर किल्ली देईलच, याची हमी कोण घेणार? तू?"

"मग उद्या त्या बाईला काय दाखवशील?"

"भिंत दाखवीन."

"भिंत तिला दिसेलच. जुनी की नवी, ते ती विचारेल."

"तेव्हा म्हणेन, माझ्या भावाला विचारा. त्याला सगळं कळतं."

हे त्याला लागलं. तो उठून भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग सोफ्याच्या वरून तिरपी खाली आली होती. मला वाटलं, आता हा रडतो की काय.

"वाढदिवसाला तू इथेच बसतेस," तो म्हणाला. "या सोफ्यावर. आम्ही सगळे गोल करून खुर्च्यांवर, आणि तू इथे, केक घेऊन."

"मग?"

"सगळे तुझे फोटो काढतात. मागे भिंत येणारच की."

"आणि कोणता फोटो कोणत्या वर्षाचा, हे कसं कळणार?" मी म्हटलं.

"केकवर आकड्यांच्या मेणबत्त्या असतात, गेस्के. वय लिहिलेलं असतं."

लुप्पो तडक बाहेर पडला. तो सायकल काढत होता, मी माझी काढली.

सहा वाजत आले होते. आमच्याकडे सहाला सगळं गाव जेवायला बसतं आणि त्या वेळी कुणी कुणाची बेल वाजवत नाही. वाजवली तर आग तरी लागलेली असते, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं. लुप्पोने पहिल्याच घराची बेल वाजवली. हातात जेवणाचा काटा घेऊन घरची बाई दारात आली, चेहरा पांढराफटक.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. फ्राउकेचे फोटो गेले. माझ्या सांगण्यामुळे गेले."

हे त्याला प्रत्येक दारात सांगावं लागलं. सुरुवातीला खाली बघून सांगत होता, मग हळूहळू समोर बघून सांगू लागला. आणि प्रत्येक घरात पुढचा प्रश्न एकच, मग आमचं काय? लोकांचे बटाटे थंड होत होते आणि हा त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसून चिन्ह हिरवं आहे की राखाडी ते बघत होता. कितीतरी राखाडी निघाली. तो नोंदणी करून द्यायचा, वाढदिवसाचे असतील ते फोटो मागून घ्यायचा आणि पुढच्या दारात जायचा. उजेड कमी होत चालला होता आणि हातात जेमतेम चार फोटो आले होते. त्यांतल्या दोहोंत भिंतीपुढे कुणाचं तरी डोकं.

गुरांचा जुना डॉक्टर मेन्नो याने त्याला दारातच धरलं. "म्हणजे फुकटचं पुरत नाही तर. इतकी वर्षं आम्हाला येड्यात काढत होतास?"

"पुरतं," लुप्पो म्हणाला. "कुलूप चांगलं होतं, मेन्नो. ते ओरडून सांगत होतं की मी उघडं आहे. तिकडे बघूच नका, हे मी शिकवलं. शिव्या कुलपाला नको, मला दे."

मेन्नोने दोन कचकचीत शिव्या दिल्या आणि आत जाऊन बायकोचा अख्खा अल्बम आणून हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी इंजिनीअर बाईने फोटो टेबलावर मांडले. आदल्या संध्याकाळपासून फ्राउके भावाशी एक शब्द बोललेली नव्हती. अडुसष्टाव्या वाढदिवसाला भिंत कोरी होती, निळ्या पट्ट्यांचा वॉलपेपर. एकाहत्तराव्याला खिडकीपाशी केसाएवढी रेघ. त्र्याहत्तराव्याला ती रेघ फ्राउकेच्या खांद्यापर्यंत आलेली.

"अडुसष्टच्या आधी भेग असेल आणि तुम्ही बुजवून घेतली असेल," बाई म्हणाली. "असं बरेच जण करतात."

लुप्पोने तोंड उघडलं. फ्राउकेने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं. बाई मेन्नोच्या अल्बममधला एक फोटो घेऊन भिंतीपाशी गेली, भिंगातून वॉलपेपरचे सांधे बघितले, परत आली, पुन्हा गेली. अल्बममधल्या त्या फोटोत केकवर साठ होते आणि मागे हाच वॉलपेपर.

"कागद तेव्हापासूनचाच आहे," ती शेवटी म्हणाली. "सांधे जुळतात. भेग कागदासकट फाटली आहे, म्हणजे मधे कुणी हात लावलेला नाही. भूकंपाचं नुकसान म्हणून मी नोंद करते. भिंत नव्याने बांधून मिळेल, मावशी."

फ्राउकेने टेबलाची कड घट्ट धरली. बाई गेल्यावरही तिने ती सोडली नाही.

"काल तू चोराला पैसे भरायला निघाला होतास," ती लुप्पोला म्हणाली.

"हो."

"तू."

"हो, मी."

"एका भिंतीसाठी?"

लुप्पोने जाकिटाची चेन वर केली, पुन्हा खाली केली. "भिंतीचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "तू त्या तिसऱ्या मजल्यावर गेली असतीस, तर रविवारी मी कुणाकडे गेलो असतो?"

मी माझा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते त्या दोघांना दिसायला नको होते. फ्राउकेचा आवाज मागून आला.

"ये मग रविवारी. आणि येताना केक आण. विकतचा."