पॅनेल आणि पाट

स्वयंपाकघरात शिरलं की वामनरावांना पहिली ठेच त्या पाटाची लागायची. ओट्यापाशी, नेमका वाटेत, जिजाबाईंचा पाट पडलेला असायचा. वामनराव रोज त्याला अडखळायचे आणि हा पाट इथं कोण ठेवतं म्हणून रोज विचारायचे. कोण ठेवणार? घरात माणसं तीन. पण रिटायर झालेल्या माणसाला रागवायला घरात काहीतरी लागतं, आणि पाट उलटून बोलत नाही.

वामनरावांची उभी हयात खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथं त्यांच्या शब्दाला वजन होतं. एकदा नवं डेस्क आलं ते चार बोटं उंच आलं. कोपर अवघडलं की माणसाचं लक्ष उडतं, असं म्हणून वामनराव साहेबांशी भांडले आणि डेस्क कापून घेतलं. मानेवाड्याच्या लेआउटमध्ये त्यांनी घर बांधलं, तेव्हापासून ही गोष्ट आजूबाजूच्या सगळ्यांना पाठ झाली होती. ऐकणारे आता पायात चपला घालूनच ऐकत. घरात तर त्यांना कोणी काही विचारतच नसे. भाजी जिजाबाई आणत, पंखा बिघडला तर ओमप्रकाश बघे. ओमप्रकाश म्हणजे त्यांचा मुलगा, त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं.

अशात ओमप्रकाशनं दुकानात व्हिडिओ गेम ठेवायचं मनावर घेतलं. सीताबर्डीवर तसले गेम आले होते आणि पोरं तिथं रांगा लावत होती. तयार गेम आपल्याला झेपणार नाही, तर आपणच बनवू, असं त्यानं ठरवलं. आतला बोर्ड मुंबईहून आणला, पडद्यासाठी एक जुना टीव्ही काढला, आणि तान्ह्या पोळ्याला गेम सुरू करायचा बेत केला. त्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर फिरतात आणि मिळालेला बोजारा, म्हणजे बैलामागचे सुटे पैसे, खिशात खुळखुळत असतो. तो खर्च करायला जागा नको का?

"बाबा, दांडी आन् बटनं कुठं बसवायची ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "पॅनेलचं तुमच्याइतकं मले नाही समजत."

हे वाक्य वामनरावांनी दोनदा ऐकून घेतलं. रिटायर झाल्यापासून ते याचीच वाट पाहत होते. हे पॅनेल जमलं तर आपण अजून कामाचे, नाही जमलं तर उरलो फक्त जेवायला, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं.

त्यांनी मोठा कागद पसरला, पट्टी घेतली आणि खापरखेडाच मांडला. चुकून कुठलं बटण दाबलं जाता कामा नये, हा पहिला नियम. म्हणून दोन बटणांत वीतभर अंतर. गोळी सोडायचं बटण लाल, आणि त्यावर बिजागरीचं पत्र्याचं टोपण. गोळी सुटणारं बटण उघडं कसं ठेवायचं, असं त्यांनी मुलालाच विचारलं.

खोकं करायला नत्थूजी सुतार होते. तान्ह्या पोळ्याचे बैल हा त्यांचा खरा धंदा. ऐन हंगामात हे लचांड गळ्यात पडल्यामुळे ते आधीच वैतागलेले होते. खेळणारी पोरं म्हणून त्यांनी खोकं बुटकं केलं, तेवढं बरं केलं. पण पैसे टाकायची फट डावीकडे ठेवायला ते काही केल्या तयार होईनात. डाव्या हातानं लक्ष्मी देत नसतात, हा त्यांचा मुद्दा. दांडी धरलेला हात कोणता आणि रिकामा कोणता, हे वामनरावांनी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. शेवटी करवत नत्थूजींच्या हातात असल्यामुळे फट उजवीकडेच झाली.

पॅनेल बसलं आणि ओमप्रकाशनं दोन मित्रांना घरीच खेळायला बोलावलं. पडद्यावर शत्रूची विमानं आली. पहिल्यानं टोपण उघडेपर्यंत त्याच्या विमानाचा चुरा झाला. दुसऱ्यानं टोपण उघडूनच ठेवलं, तर ते प्रत्येक वेळी त्याच्या बोटावर आपटायला लागलं. वामनराव मागून सांगत होते, की घाई कशाला करता, आधी टोपण उघडा, मग बोट ठेवा, खात्री करा आणि मग दाबा. मित्र हसून हसून भिंतीला टेकले. ओमप्रकाश हसला नाही, तेच वामनरावांना जास्त लागलं.

मग बटणं जवळ घेतली, तर एका बोटानं दोन दाबली जायला लागली. थोडी लांब केली, तर पंजा अवघडायला लागला. तिसरी फळी वाया गेली तेव्हा नत्थूजींनी हत्यारं पिशवीत भरली. आपण सुतार आहोत, चाळण्या करणारे नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

"राहू द्या बाबा," ओमप्रकाश म्हणाला. "मी पाहतो."

वामनरावांच्या अंगाची लाही लाही झाली. मुलावर, नत्थूजींवर, त्या टोपणावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर ते चिडले होते. पाणी प्यायला आत गेले तर पाट होताच. त्यांनी तो पायानं बाजूला लोटला. जिजाबाईंनी तो परत ओढून घेतला, त्यावर चढल्या आणि कणीक मळू लागल्या. कणीक मऊ झाली का ते बघायला त्यांनी तिच्यावर पंजा टेकवला आणि उचलला. गोळ्यावर पाच बोटं उमटली.

वामनराव ग्लास हातात तसाच धरून बघत राहिले. खापरखेड्यात पॅनेलला दिवसभर कोणाचा हात लागला नाही तर तो दिवस चांगला जायचा. इथं तर हात पॅनेलवरून उचलायचाच नव्हता. मग बटणं कागदावर ठरवून काय उपयोग? हात जिथं आपसूक पडतो तिथं ती हवीत. आणि जिजाबाईंचा हात लहान होता, पोरांच्या हाताएवढा.

त्यांनी परातीसकट जिजाबाईंना बाहेर आणलं. कोऱ्या फळीवर कणीक थापली, ती खोक्यावर ठेवली आणि त्यांना समोर उभं केलं. उजव्या हातात दांडी दिली, डावा हात कणकेवर सैल सोडायला सांगितला. "दाबू नको वं, नुसता ठेव," असं म्हणून त्यांनी बोटांचे ठसे बघून खुणा केल्या. लग्नानंतर इतक्या बारकाईनं त्यांनी बायकोचा हात कधी पाहिला नव्हता. बोटं सांध्याशी सुजलेली होती. जिजाबाई मात्र हाताकडे बघतच नव्हत्या. त्या आपल्या कोपराकडे बघत होत्या, खांदे खाली सोडून, पाय जमिनीवर टेकवून.

"इथं बरं वाटते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ओटा बांधला तवा मले काहून नाही उभं केलं असं?"

वामनरावांच्या हातातली पेन्सिल थांबली. गवंड्यानं ओटा केवढा उंच घ्यायचा विचारलं होतं, आणि नेहमीचा, असं त्यांनी सांगितलं होतं. जिजाबाई आत चहा करत होत्या, त्यांना हाक मारायचंही सुचलं नव्हतं. परक्या माणसांच्या कोपरासाठी साहेबांशी भांडलेला हा गृहस्थ घरच्या पाटाला रोज शिव्या घालत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या खुणांवर ओमप्रकाशनं बटणं बसवली. तान्ह्या पोळ्याला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बगलेत बैल धरून पोरं बटणं बडवत होती आणि एकाचाही हात अवघडत नव्हता. पैसे तेवढे सगळी डावा हात उजवीकडच्या फटीपर्यंत वळवून टाकत होती. ओमप्रकाश येईल त्याला, पॅनेल आमच्या बाबांनी केलं, असं सांगत होता. हेच ऐकायला वामनराव एवढे दिवस तडफडत होते. ते मुलाजवळ गेले.

"तुह्या मायच्या हाताचं माप आहे ते," एवढं सांगून ते घरी निघाले.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. वामनरावांनी जिजाबाईंना पाटाशिवाय भिंतीपाशी उभं केलं, कोपराखाली खूण केली आणि ओटा तिथपर्यंत उतरवायला सांगितलं. गवंडी कुरकुरला, की एवढा खाली ओटा कोणी करत नाही. वामनरावांनी त्याला खापरखेड्याच्या डेस्काची गोष्ट सांगायला सुरुवात केली, पण मध्येच बंद केली. ओटा उतरल्यावर त्यांनी पाट उचलला आणि तो माळ्यावर टाकायला निघाले.

"राहू द्या तिथंच," जिजाबाई म्हणाल्या. "ओट्यापाशी आली का पाय आपोआप वर उचलते माहा. ते सवय जायले वेळ लागंल."

वामनरावांनी पाट परत जागेवर ठेवला, आणि बाहेर जाताना त्याला वळसा घालून गेले.