हात मांगं घ्या, काका!

अमरावतीतील आमच्या केंद्रात पालकांसाठी एक लांब बाक आहे. त्या बाकावर पाच वर्षे बसलेल्या मनुष्याजवळ इतके किस्से साचतात, की घरी वाचावयास आणलेल्या ग्रंथात मन लागत नाही. एक सांगावयास घ्यावा, तर त्याच्यामागे चार उभे! म्हणून निवडक तेवढेच सांगतो.

केंद्र बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे. माझा श्रीपाद आज त्रेचाळीस वर्षांचा आहे. तेथे जी ऑक्युपेशनल थेरपी चालते, तिला मी वाचनालयातील कोश चाळून 'व्यवसायोपचार' हा प्रतिशब्द शोधून काढला आणि मोठ्या ऐटीत तेथल्या थेरपिस्ट केतकी मॅडमना ऐकविला. वयाने त्या माझ्या नातीएवढ्या. म्हणाल्या, "काका, आमी तर त्याले आंघोळ, कपडे अन् चहा म्हणतो!"

* * *

श्रीपादची आई गेल्यावर नातलग मला एकच प्रश्न विचारीत, "तुमच्यानंतर याचं कसं?" त्याचेच उत्तर शोधीत आम्ही येथे आलो.

पहिल्याच दिवशी मॅडमनी त्याच्या अंगात सदरा घातला आणि सांगितले, "श्रीपाददादा, बटनं लावा." अडतीस वर्षे ती बटणे घरच्यांनीच लावलेली. सवयीने माझा हात पुढे गेला.

"काका, हात मांगं!"

सातवीत शाळा सुटली, त्यानंतर मला हात मागे घेऊन कोणी उभे केले नव्हते!

श्रीपादने सगळी बटणे लावली. परंतु एकही आपल्या काजात नव्हते. मी तोंड उघडणार, तोच मॅडमनी भिंतीवरचा आरसा काढून त्याच्यापुढे धरला आणि स्वतःचा दुसरा हात पाठीमागे घेतला. श्रीपादने आरशात एकेक बटण न्याहाळले. मग म्हणाला, "हा माणूस चुकला!"

आणि त्याने सगळी बटणे सोडून पुन्हा पहिल्यापासून लावली.

* * *

बाकावरच्या भातकुलीच्या गंगाबाईंना हात मागे ठेवणे साधेना. शेतात राबलेले हात ते, स्वस्थ राहतात कशाला! अखेर त्यांनी स्वतःच्याच पदराने ते मागे बांधून घेतले आणि मुलीसमोर उभ्या राहिल्या. छत्तीस वर्षांची वनिता त्या दिवशी पहिली भाकर थापीत होती.

भाकर तव्यावर पडताच गंगाबाई म्हणाल्या, "हे काय वं बाई! इकून शेपूट, तिकून शिंगं!"

वनिताने मान वर केली नाही. "खाऊन पाह्य ना माय. गोलच लागते!"

आम्ही बाकावरच्या सर्वांनी ती भाकर वाटून खाल्ली. गोलच लागली.

* * *

एकदा तपासणीस एक मोठे साहेब आले. चहाचे काम श्रीपादकडे. भिंतीवर चहाची सहा चित्रे ओळीने लावलेली आहेत. तो एकेक चित्र बघून पुढे जातो, त्यामुळे वेळ लागतो. साहेबांना घाई. ते उठले आणि गाळणी उचलू लागले.

"साहेब, हात मांगं!"

श्रीपादचे हे बोल ऐकून मी बाकावरून उठलोच! परंतु साहेबांनी निमूटपणे हात मागे घेतले. ते पाहून त्यांच्या चपराशानेही घेतले. चहा कपात पडेपर्यंत दोघे तसेच उभे!

* * *

अकोल्याला जठारपेठेत माझी बहीण राहते. श्रीपादने तिच्याकडे एकट्याने जावे, असे मॅडमनी ठरविले. मी मान डोलावली आणि तोंडाला दुपट्टा बांधून त्याच एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसलो. मूर्तिजापूरला तो पाणी प्यावयास उतरला, तेव्हा कंडक्टरपेक्षा मीच अधिक वेळा बाहेर डोकावलो असेन.

अकोला आले. सगळे उतरले. श्रीपाद मात्र दाराशीच उभा. गोंधळला, असे वाटून मी दुपट्टा सावरीत उठलो. इतक्यात तो वळला.

"बाबा, उतरा ना. अकोला आलं!"

येताना तो खरोखरच एकटा आला. मी आधीच्या गाडीने घरी पोचून दार उघडे ठेवले होते.

* * *

गेल्या हिवाळ्यात माझे उजवे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले, तरी बोटे वळेनात. अशात एके दिवशी केंद्राचा वार्षिक कार्यक्रम होता. श्रीपाद केव्हाच तयार झाला होता आणि दारात ऑटोवाला हॉर्न वाजवीत होता. माझा सदरा अजून उघडाच.

"श्रीपाद, एवढी बटणे लावून दे."

तो जवळ आला. सदऱ्याकडे पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. "लावा ना बाबा. येते तुमाले."

ऑटोवाला आत डोकावला. "अरे भाऊ, बापाले मदत कर ना जराशी!" असे म्हणत तो स्वतःच पुढे सरसावला.

"दादा, हात मांगं!"

ऑटोवाला जागीच थबकला. पाचवे बटण लागेपर्यंत मला घाम फुटला. "झाले!" मी ताठ उभा राहून म्हणालो. "चल आता."

श्रीपाद हलला नाही. त्याने खिळ्यावरचा आरसा काढला, एका हाताने माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात पाठीमागे घेतला.