चांगुणामावशीची शपथ

फोनवर काही लिहून घ्यायचं असलं की चांगुणामावशी आधी डोक्यावर पदर घ्यायची. मग बोंबलांची पाटी पुढे ओढायची, घसा खाकरायची आणि मला म्हणायची, "लिव, भाऊसाहेब." समाजमाध्यमावरच्या ज्या पानावर हे लिहिलं जायचं तिथे तिचं नाव नव्हतं, फोटो नव्हता, गावाचासुद्धा पत्ता नव्हता. एकदा मी हसून विचारलं, "मावशी, तुम्हाला कोण बघतंय? पदर कशाला?" तर म्हणाली, "बघत न्हाय म्हनून काय झालं? चार मानसांत बोलायचं हाय ना?"

मी अलिबागला एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक. माझं गाव आतल्या बाजूला, भातशेतीचं. नोकरी लागल्यावर रेवदंड्याच्या पुढे एका कोळीवाड्यात मावशीच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. पहिल्या दिवशी सुक्या मासळीच्या वासाने बायकोने नाकाला रुमाल लावला. मावशी दारातूनच म्हणाली, "लाव गो, लाव. पंधरा दिसांनी माहेरी जाशील तवा ह्या वासाबिगर झोप न्हाय येनार तुला." आणि खरोखरच नाही आली.

मावशीचा नवरा कधीच गेला होता, एकुलती लेक उरणला दिली होती. सही करण्यापुरती अक्षरं तिला येत, त्यापुढे काही नाही. घर आणि खाडी यांच्यामधल्या रेतीवर तिच्या आणि आणखी चाळीसेक बायकांच्या वलांडी होत्या. वलांडी म्हणजे बांबू उभे करून दोऱ्या ताणलेल्या, बोंबील वाळत घालायच्या रांगा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची, हे काम ती न बघता करायची. बघायची ती माणसांकडे, आणि तोंडाचा पट्टा सुरूच.

ही रेतीची जागा पर्यटकांच्या गाड्या लावायला घ्यायचं ठरलं. शेजारी नवी जेट्टी होणार होती. बायकांनी अर्ज दिले, अर्जांना पोच मिळाली, आणि पुढे काहीच झालं नाही. अर्जांचं काय होतं हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण आमच्याच कचेरीत ते मी फायलीला लावत होतो. लाज वाटून एका रविवारी मीच मावशीला म्हटलं की लेकीने दिलेल्या तुमच्या फोनवर एक पान काढू, नाव कुणाचंच नको. पानाचं नाव तिनेच ठेवलं, 'वलांडी'.

ती बोलायची आणि मी टाइप करायचो; अर्जांचे क्रमांक, जागेचा तपशील आला की मधे मी माझी कचेरीतली भाषा घालायचो. "सायेब बोलले, हितं वास येतो, पर्यटक येनार न्हाईत. सायेब, मतं मागायला आलात तवा नाक घरी ठेवलं होतं काय?" हे तिचं वाक्य मुरूडपासून बोर्लीपर्यंत लोकांच्या फोनवर फिरलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आमची जागा सरकारची, मग सरकार कोनाचं? येवडं सांगा, आमी उठतो." लोक विचारायचे, हा लिहिणारा कोण? कोणी म्हणे पुण्याचा प्राध्यापक आहे, कोणी म्हणे विरोधी पक्षाचा पगारी माणूस. मावशी बाजारात बसून हे सगळं ऐकायची आणि सुकट मापताना गालातल्या गालात हसायची. तिचे ते दिवस फार सुखाचे गेले.

मग एका सकाळी पान उघडेना. कायदेशीर मागणीवरून हे पान भारतात दिसणार नाही, एवढीच ओळ तिथे होती. मी ती वाचून दाखवली. मावशी म्हणाली, "मंजे आपलं बोलनं अमेरिकेत दिसतं आनि अलिबागेत न्हाय?" आम्ही दुसरं पान काढलं. मग पोलिसांनी परिसरातल्या व्हॉट्सॅप गटांच्या अॅडमिनना बोलावून लेखी हमी घेतली. पंचायतीच्या फळ्यावर सूचना लागली की निनावी खात्यांवरून शासनाविरुद्ध अपप्रचार करणाऱ्यांची माहिती द्यावी. आमच्या कचेरीत परिपत्रक आलं: कर्मचाऱ्याने स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने समाजमाध्यमांवर शासनावर टीका केल्यास निलंबन. त्याच्या प्रती काढून सगळ्या शाखांना मीच वाटल्या. त्या संध्याकाळी मावशीला म्हटलं, आता थांबू या. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि पदर खाली घेतला.

थांबलो, पण उशीर झाला होता. पान कुणाचं ते कंपनीकडून पोलिसांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी जवळचा रस्ता धरला. कोळीवाड्याच्या होड्यांच्या परवान्यांची फाईल अडली. लिहिणारा कोण ते सांगा, फाईल सुटेल, असं कुणीतरी पाटलांच्या कानावर घातलं. हे पाटील म्हणजे गावकीचे प्रमुख. त्यांनी देवळासमोर गावकी बसवली. जुनी रीत आहे. पाटावर नारळ ठेवायचा, दर घरातल्या एकाने पुढे येऊन त्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, मी नाही आणि माझ्या घरातलं कोणी नाही. नारळावर हात ठेवून तिथे कोणी खोटं बोलत नाही. नारळ दर्याचा, आणि घरोघरचे नवरे आणि मुलगे रोज त्याच दर्यावर जातात.

भाडेकरू गावकीत धरत नाहीत. मला कोणी पुढे बोलावलं नाही. मी मागे, गुरवाच्या ओट्यापाशी उभा होतो.

मावशीचा नंबर आला. तिने डोक्यावर पदर घेतला, नारळावर हात ठेवला आणि म्हणाली, "मी लिवलं. एकटीनं."

गलका झाला. पाटलांनी विचारलं, "चांगुने, तुला अक्षर येत न्हाय. कोनी लिवून दिलं?"

"फोनात बोलायचं. त्यो आपसूक लिवतो. कोनी न्हाय दिलं. सांगितलं ना, एकटीनं."

मला एवढंच करायचं होतं, चार पावलं पुढे जायचं होतं. मी भेकडासारखा उभा राहिलो, दुसरा शब्द मला सापडत नाही.

परवाने सुटले. मावशीचा फोन जप्त झाला. दर सोमवारी तिला पोलीस ठाण्यात हजेरी लागली. सकाळची रिक्षा धरून जायची, बाकड्यावर बसायची, दुपारी परत यायची. पुन्हा असं काही करणार नाही अशा कागदावर तिने आपली ती एवढीशी सही केली. मी एकदा रडत तिला म्हटलं, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात." ती म्हणाली, "तुजी नोकरी गेली तर त्या पोरीनं बालंत व्हायला कुटं जायचं? जा, कचेरीला उशीर व्हतोय."

पण तिचं तिला ते सोसलं नाही. नारळी पौर्णिमेला सगळा वाडा वाजतगाजत खाडीवर गेला, ती घरात बसून राहिली. बायकोने बोलावलं तर म्हणाली, "मी खोटा हात ठेवला. कोन्त्या तोंडानं दर्यापुडं जाऊ?" आमच्या मुलीच्या बारशाला तिने पाळणा म्हटला, पण ओटी भरायला नारळ उचलायची वेळ आली तेव्हा शेजारणीला पुढे केलं. त्याच वर्षी हिवाळ्यात रेतीभोवती पत्र्याचं कुंपण आलं. बायकांनी वलांडीचे बांबू उपटून घरामागे रचले. मावशी आता बोंबील अंगणात गोणपाटावर पसरायची, आणि काम करताना बोलायची नाही. पुढच्या पावसाळ्यात ताप आला. अलिबागच्या दवाखान्यात आठ दिवस होती, मग गेली. लेक उरणहून पोचली तेव्हा मावशीला शुद्ध नव्हती.

तिच्या तेराव्यानंतर मी पाटलांकडे गेलो. ते ओटीवर जाळं सांधत होते. मी म्हटलं, "पाटील, ते सगळं मी लिहिलं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हाईत हाय. 'सदरहू जागा', 'उपरोक्त बाब' असं आमच्यात कोन बोलतो? समद्या वाड्याला म्हाईत हाय."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तिनं नारलावर हात ठेवून एकटीनं म्हनलं. वाड्यानं मानलं."

"मी आता गावकीसमोर सांगतो. पोलिसांनाही सांगतो."

तेव्हा त्यांनी जाळं खाली ठेवलं. "आनि तिला खोटी पाडतोस? ती हाय का आता जबाब द्यायला? तवा गप र्‍हायलास ना, आता जलमभर र्‍हा."

मी राहिलो आहे. चांगुणा हे तिचं खरं नाव नव्हे, आणि माझं नाव मी या लेखाखाली घालणार नाही. तिचं घातलं तर तिची शपथ खोटी पडेल, माझं घातलं तर नोकरी जाईल. या दोहोंपैकी मला भय नेमकं कशाचं जास्त आहे, ते अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.